घराआधी गल्ली बघ

अगं, किती तो ताण घेतेयस! धारणीहून अमरावतीला बिऱ्हाड हलवायचं ठरलं आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय, हे तुझ्या आवाजावरूनच कळतं. भाडं परवडेल का, मोठीला शिकवणीहून यायला अंधार झाला तर काय, धाकट्याला शाळा कोणती, नळ येतो का, शेजार कसा असेल. बघ, प्रश्न पुष्कळ आहेत, पण एकेक हातात घेतला की सुटतो. पावसाळ्यात तापलेलं लेकरू कडेवर घेऊन सेमाडोह-घटांगचा घाट उतरून परतवाडा गाठणारी बाई तू. तुला एक मोहल्ला निवडता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

आधी ते बऱ्हाणपूरला राहायला जायचं डोक्यातून काढ. जवळ पडतं, दवाखान्याला नि कापडाला आपली कितीतरी माणसं तिकडेच जातात, हे खरं. पण लेकरांच्या शिक्षणासाठी जायचं असेल तर राज्य ओलांडू नको. उद्या मोठीनं डॉक्टर व्हायचं म्हटलं, तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या मेडिकलच्या जागेसाठी दहावी आणि बारावी दोन्ही याच राज्यातून झालेली लागते. दोन वर्षं तिकडे काढली नि ऐनवेळी हे समजलं, तर पोरीच्या डोळ्यात बघवणार नाही. अकोला म्हणशील, तर मीटरगेजची खंडवा गाडी 2017 च्या सुरुवातीला बंद झाली आणि तेव्हापासून आपल्या बाजूनं तेही अवघडच झालं. शिवाय तिथल्या बऱ्याच भागात बोअरचं पाणी खारं.

आणि सगळं घर हलवणं गरजेचं आहे का, हेही एकदा शांतपणे बोलून घ्या. प्रश्न एकट्या मोठीचा असता तर मी आधी धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाचं विचार, असंच म्हटलं असतं. बारावीनंतर शिकणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या आदिवासी पोरांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनाही आहे, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. पण धाकटा आहे, तुझ्या यजमानांचं कामही इकडेच बघायचं चाललंय, तेव्हा तुम्ही सगळे या. मला तर आनंदच आहे.

आता मुख्य मुद्दा. तू विचारशील तेव्हा जो तो नावं सांगेल. साईनगर बघ, रुक्मिणीनगर बघ, राठीनगर बघ, कॅम्प तर फारच छान. वस्त्या चांगल्याच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण खरं सांगू का, एकाच नगरात एक गल्ली रात्री दहापर्यंत जागी असते आणि तिच्याच पाठची गल्ली साडेसातला सुनसान होते. तुला राहायचंय त्या गल्लीत. म्हणून नगराच्या नावावर भाळू नको, गल्ली बघ. आणि ती सकाळी अकराला नको बघूस. त्या वेळी सगळ्याच गल्ल्या शहाण्या दिसतात.

संध्याकाळी सात ते नऊ, ही गल्ली बघायची वेळ. मेन रोडवर ऑटो सोड आणि घरापर्यंत एकटी चालत जा, हातात पिशवी घेऊन, जशी रोज जाशील तशी. खांबावरचे दिवे लागलेत का बघ. नुसते खांब मोजू नको. ओट्यावर बायका बसल्यात का? शिकवणीहून परतणाऱ्या पोरी सायकलवर, स्कूटीवर दिसतात का? किराणा, पिठाची चक्की, मेडिकल उघडं आहे का? म्हातारी माणसं जेवून शतपावलीला निघतात का? जिथे हे सगळं दिसतं तिथे तुझी पोरगी एकटी नसते, कुणाच्या ना कुणाच्या नजरेत असते. उलट गल्लीच्या तोंडाशी बार असेल, मध्ये कमरेएवढं गवत वाढलेले दोन-तीन रिकामे प्लॉट असतील, तर घर कितीही गोजिरं असलं तरी पाय मागे घे. गेट नि कॅमेरे असलेल्या बिल्डिंगीचं मला तेवढं कौतुक नाही गं. कॅमेरा झालेलं नंतर दाखवतो. ओट्यावरच्या काकू होऊ देत नाहीत.

दोन माणसांशी बोलल्याशिवाय परत फिरू नको. एक चक्कीवाली किंवा किराण्यावाला. त्यांना 'एरिया कसा आहे' असं विचारलंस तर 'चांगला आहे' एवढंच म्हणतील. 'रात्री इथून ऑटो मिळतो का', 'लाईट गेली की किती वेळ जाते', 'लेकरं कुठे खेळतात' असं विचार, मग माणूस मोकळा होतो. दुसरी म्हणजे त्याच गल्लीत भाड्यानं राहणारी बाई. तिला विचार, त्या घरातले आधीचे भाडेकरू का गेले. घरमालक हे सांगत नाही, शेजारीण सांगते. जवळचं पोलिस ठाणं कुठलं तेही माहीत करून घे. मोठीच्या फोनमध्ये 112 आणि महिला हेल्पलाइनचा 181 आत्ताच टाकून ठेव. अमरावती पोलिसांचं दामिनी पथक आहे, छेडछाडीची तक्रार करायला लाजायचं नाही, हे तिला तू स्वतः बसून सांग. तुझ्याकडून ऐकलं की तिला बळ येईल.

वडाळी, एसआरपीएफ कॅम्प, विद्यापीठ या बाजूला बिबट्या दिसल्याच्या बातम्या वाचून यजमानांनी नाक मुरडलं म्हणालीस. सांग त्यांना, मेळघाटातल्या माणसानं यावरून घर नाकारायचं नाही! काळजी आपल्याला ठाऊकच आहे. अंधारात झुडपाकडेनं लेकरू एकटं सोडायचं नाही, दारात उष्टं टाकायचं नाही.

आता परवडण्याचं. भाडं म्हणजे घराचा खर्च नव्हे बाई, तो त्यातला एक तुकडा. समज, रिंगरोडपल्याडच्या नव्या ले-आऊटात घर दीड हजारानं स्वस्त मिळालं. धाकट्याच्या शाळेचा ऑटो, मोठीचं येणं-जाणं, यजमानांचं पेट्रोल आणि तुझी भाजीबाजाराची फेरी हे सगळं कागदावर मांड. ते दीड हजार पंधरा तारखेच्या आत संपतात, आणि संध्याकाळी सातनंतरची तुझी घालमेल वेगळीच. म्हणून मी म्हणते, आधी मोठीचं कॉलेज नि शिकवणी ठरव, आणि तिला चालत किंवा सायकलनं जाता येईल एवढ्या अंतरात घर शोध. घरात ज्याला सगळ्यात जास्त वेळा एकट्यानं यायचं-जायचंय, त्याच्या पायांनी घर निवडायचं. यजमानांना गाडी आहे, ते जातील लांब.

आपल्या धारणीकरांसाठी मला शेगाव नाका, गाडगेनगर, पंचवटी, कठोरा नाका ही बाजू बरी वाटते. व्हीएमव्ही कॉलेज तिकडेच, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तिकडेच, पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेजचा दवाखाना पंचवटीला. परतवाड्याचा रस्ताही सोयीचा. होळीला गावी जायचं म्हणजे लेकरं-गाठोडी घेऊन सगळं शहर ओलांडायला नको. मात्र शिकणाऱ्या पोरांची तिकडे गर्दी, त्यामुळे खोल्यांना मागणी असते, भाव जरा चढाच सांगतात. घासाघीस कर. यजमानांचं काम नांदगावपेठ एमआयडीसीत पक्कं झालं तर अर्जुननगर, रहाटगावकडेही बघ. सातुर्ण्याला झालं तर साईनगर सोपं. बडनेऱ्याला रेल्वेचं मोठं जंक्शन आहे, भाडंही जमेल, पण शाळा-कॉलेज अमरावतीत आणि राहणं बडनेऱ्यात, ही रोजची दगदग मी तुला सुचवणार नाही.

पाण्याचं नीट ऐक. अमरावतीला पाणी येतं ते मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं, आणि ते देतं जीवन प्राधिकरण. बहुतेक भागात नळ एक दिवसाआड. मधेच मोठी जलवाहिनी फुटली की आणखी दोन दिवस कोरडे. तेव्हा 'पाणी आहे का' एवढं विचारून भागणार नाही. नळ किती वाजता येतो, किती वेळ राहतो, खालच्या टाक्यात मालकाचा किती नि आपला किती, बोअर आहे का आणि ती मे महिन्यात चालते का, हे विचार. जमलं तर नळाच्या वेळीच जा नि बादली भरून बघ. कूलर चालवायलाही पाणी लागतं, ते हिशेबात धर.

आणि वरच्या मजल्याची खोली! आपल्या धारणीला रात्री जरा गार वारं सुटतं. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत आग ओकतो. टिनाची खोली तर दाखवायला नेली तरी आत जाऊ नको. वर दुसरा मजला असलेलं, पश्चिमेला भिंत उघडी नसलेलं घर थोडं अंधारं असलं तरी घे. अंबा नाल्याच्या काठची सखल घरं मात्र टाळ. भिंतीला खालून हात-दीड हात पोपडे, नवा रंग फक्त तेवढ्याच पट्ट्याला, असं दिसलं की समज, पावसाळ्यात तिथपर्यंत ओल किंवा पाणी चढतं.

आता जरा अवघड गोष्ट बोलते. फोनवर पहिला प्रश्न येईल, 'आडनाव काय?' कास्देकर, बेठेकर, मावसकर ऐकलं की काहींचा आवाज बदलतो. 'कळवतो' म्हणतात नि कळवत नाहीत. काही जण तर 'घरात काय शिजवता' इथपर्यंत येतात. अशा वेळी तुला राग येईल, यायलाच हवा, पण त्या घरासाठी विनवण्या करत बसू नको. दारातच अटी घालणारा माणूस पुढे रोज अटी घालेल. या शहरात मेळघाटातून आलेले शिक्षक, परिचारिका, वनखात्यातली माणसं आहेत. त्यांच्या ओळखीतून घर बघ, तिथे ही चौकशी होत नाही. आणि लेकरांना एक सांग, शाळेत गाव विचारलं तर ताठ मानेनं धारणी सांगायचं, आणि घरात कोरकू बोलायचं. शहरात आलो म्हणून बोली लपवायची नाही. मी माझ्या मुलांना हेच सांगत आले.

घर पसंत पडलं की भोळेपणानं पैसे देऊन मोकळी होऊ नको. 'अकरा महिन्यांचं आहे, स्टॅम्पवर लिहून नोटरी करू' असं म्हणतील. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, त्याच्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये आहे, वर थोडं मुद्रांक शुल्क. आता हे ऑनलाइनही होतं. भाड्याची पावती हा तुझा हक्क आहे, ती दर महिन्याला माग. फोनवरून पैसे पाठवलेस तर तीच नोंद जपून ठेव. विजेचं मीटर वेगळं असलेलं घर बघ. सबमीटर असेल तर युनिटमागे किती घेणार ते करारातच लिहून घे, नाहीतर कूलरच्या दिवसांत वाद होतो.

या नोंदणीचा तुला दुहेरी फायदा आहे, म्हणून इतकी मागे लागलेय. धाकट्याला पहिलीला आरटीईतून घालायचं असेल, तर भाड्यानं राहणाऱ्यांना पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच चालतो, नोटरीचा नाही. आपल्या आदिवासी लेकरांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला मात्र लागतो. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असली तर आधी नंबर, मग तीनपर्यंत. अर्ज शाळा उघडायच्या पुष्कळ आधी निघतात. करार अर्जाच्या आधीचा हवा. म्हणजे जूनमध्ये येऊ नि मग बघू, असं करून चालणार नाही. घर आधी पक्कं करावं लागेल.

रेशनचं टेन्शन घेऊ नको. कार्ड धारणीचं असलं तरी धान्य इथल्या दुकानात अंगठा लावून मिळतं, सगळ्यांचं आधार जोडलेलं नि केवायसी झालेलं पाहिजे एवढंच. ते निघण्याआधी तिकडेच उरकून घे. सासूबाईंच्या दवाखान्याच्या फाइली हातातल्या बॅगेत ठेव, ट्रकमध्ये नको. सरकारी मोठा दवाखाना म्हणजे इर्विन, बायकांसाठी डफरीन, ही दोन नावं रिक्षावाल्यापासून सगळ्यांना माहीत आहेत.

आणि हो, विकत प्लॉट घ्यायचं आत्ता काढू नका. इकडे आलं की दलाल मागे लागतातच. मंजूर नकाशा नसलेल्या प्लॉटचा स्वस्त भाव ऐकून हुरळायचं नाही. एक उन्हाळा, एक पावसाळा भाड्यानं काढा, मग बोलू.

पुढच्या आठवड्यात घर बघायला ये. सकाळची लवकरची बस पकड, लेकरांना आईकडे ठेव, यजमानांना सोबत आण. दुपारी खोल्या आतून बघू आणि सातनंतर त्याच गल्ल्या पुन्हा पायी फिरू. परतीच्या बसची घाई करायची नाही, रात्री मुक्काम माझ्याकडे. भाकरी नि आंबाडीची भाजी करते.