मोटारीतल्या विजेचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जमाखर्च पैशाचा असो वा विजेचा, नियम एकच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच मित्र विकाराबादजवळच्या अनंतगिरीस, मुसी नदीच्या उगमाकडे, एका रात्रीच्या मुक्कामास गेलो. हैदराबादहून अंतर सुमारे ८० किलोमीटर. गाडी विजेवर चालणारी आणि बाहेरच्या उपकरणांनाही वीज देणारी. २०२३ साली आपल्याकडे आलेल्या ह्युंदाई आयोनिक ५ व नव्या टाटा नेक्सॉन ईव्ही या गाड्यांत अशी सोय होती. रात्री गाडीच्या विजेवर भात शिजवला, चहा केला. झोपताना ९ वॉटचा एक दिवा तेवढा चालू ठेवला. सकाळी पाहतो तो काय, स्वयंपाकाला लागली तेवढीच वीज रात्रीतून उतरलेली! परतीचा हिशेब नव्याने मांडावा लागला.

एवढ्याशा दिव्याने एवढी वीज खाल्ली कशी? उत्तर आपल्याच परिव्ययाच्या पाठात आहे. गिऱ्हाईक येवो न येवो, दुकानाचे भाडे चुकत नाही. तसेच बाहेर वीज देताना गाडीची यंत्रणा जागी राहते व स्वतः वीज खाते. हा झाला स्थिर खर्च.

समजा, तो १५० वॉट आहे. शिवाय बॅटरीतील वीज घरगुती उपकरणांजोगी करताना शेकडा १० घट येते. आता दोन खाती पाहू.

शेगडी : १५०० वॉट, १ तास. उपयोगी पडली १.५ युनिट, बॅटरीतून गेली सुमारे १.८२. कार्यक्षमता शेकडा ८२.

दिवा : ९ वॉट, ८ तास. उपयोगी पडली ०.०७ युनिट, बॅटरीतून गेली १.२८. कार्यक्षमता शेकडा ६ सुद्धा नाही!

शिवाय ही वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल, तर कोळशातील सुमारे दोन तृतीयांश उष्णता तेथेच वाया गेलेली असते. म्हणजे नुकसान दुहेरी.

तेव्हा मित्रहो, मुक्कामी मोठी कामे एकत्र उरकावीत, त्याच वेळी मोबाइल व कंदील भरून घ्यावेत आणि मग गाडीची वीज बंद करावी. १०० किलोमीटरला १५ युनिट धरले, तर परतीसाठी १२ युनिट हवेत. तो आपला राखीव निधी. त्याला हात लावणाऱ्या व्यापाऱ्याचे काय होते, हे आपण पुस्तकात वाचतोच. घाटरस्त्यावर त्याचा अनुभव घेण्याची गरज नाही.