एका विहिरीचा हिशेब

पांढुर्णा

चि. भाचीबाईस,

तुझी खुशाली ताईकडून कळत असते, पण परवा तू स्वतः फोनवर जे बोललीस ते मनात राहिलं. कॅल्क्युलस डोक्यावरून जातं, फिजिक्स कोरडं वाटतं, आणि पुढे येणारं इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स तर एका रात्रीत पाठ करून निघतं असं सीनियर मुली सांगतात. याचं उत्तर बोलून देता येत नाही, त्याला कागद आणि आकडे लागतात. म्हणून हे पत्र.

माझं सांगणं एवढंच आहे की हे तीन विषय तीन समजून वाचू नकोस. कॉलेजात त्यांचे तास वेगळे, सर वेगळे, वह्या वेगळ्या. कामावर मात्र ते एकाच प्रश्नात एकदम समोर येतात, आणि त्यांतला एक जरी कच्चा असला तरी उत्तर चुकतं. इरिगेशन खात्यातल्या माझ्या नोकरीत मी हे सतत पाहिलं.

आपल्याच वावरातली विहीर घे. संत्र्याचा सगळा बगीचा तिच्या भरवशावर उभा आहे. व्यास सहा मीटर धर, खोली पंधरा मीटर. पाणी तोंडापासून पाच मीटरवर लागतं, म्हणजे पाण्याचा उभा थर दहा मीटर. झरे क्षणभर विसर आणि मला सांग, ही विहीर पूर्ण उपसायला किती वीज लागेल?

वजन गुणिले उंची हे शाळेतलं सूत्र तुला येतं. पण उंची कोणती घेशील? वरचं पाणी पाच मीटर चढवायचं आहे आणि तळाचं पंधरा. म्हणून पाण्याच्या पातळ चकत्या कल्पायच्या, प्रत्येक चकतीचं वजन तिच्या खोलीने गुणायचं आणि पाचपासून पंधरापर्यंत सगळ्यांची बेरीज घ्यायची. चकत्या हव्या तितक्या पातळ करत गेलं की ती बेरीज जिथे पोचते, तेच इंटिग्रेशन. खोलीचं इंटिग्रेशन २२५ वजा २५ भागिले २, म्हणजे १०० येतं. त्याला विहिरीचं क्षेत्रफळ २८.२७ चौरस मीटर, पाण्याची घनता १००० आणि गुरुत्वत्वरण ९.८१ यांनी गुण. सुमारे २ कोटी ७७ लाख ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा उत्तर साधारण ७.७ युनिट. एवढ्यात जवळजवळ २ लाख ८३ हजार लिटर पाणी वर येतं. मोटर आणि पंप मिळून कार्यक्षमता ४० टक्के असेल, तर मीटर मात्र सव्वाएकोणीस युनिट दाखवील.

तू म्हणशील, सरासरी उंची दहा मीटर धरून गुणलं तरी हेच येतं. येतं, कारण विहीर वरपासून खालपर्यंत सारखी गोल धरली आहे. ती खाली निमुळती होत गेली असती तर मधली उंची धरून काढलेलं उत्तर चुकलं असतं, इंटिग्रेशनचं चुकलं नसतं. सूत्र कुठे चालतं आणि कुठे थांबतं हे कळण्यासाठी गणित शिकायचं असतं.

आता फिजिक्स. जुन्या विहिरींत पंप वर काठावर नसतो, आत खाली ओट्यावर बसवलेला असतो. का, हे कधी मनात आलं? पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ते पाणी पाइपात वर ढकलते. हवेचा दाब समुद्रसपाटीला पाण्याचा साधारण १०.३ मीटर उंच स्तंभच तोलू शकतो. आपण समुद्रसपाटीपासून उंच, त्यामुळे इथे त्याहूनही थोडा कमी. पाइपातलं घर्षण आणि इतर अडचणी धरल्या की हाती सहा-सात मीटर उरतात. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेलं की काठावरची मोटर कितीही हॉर्सपॉवरची असो, पाणी येणार नाही. सबमर्सिबल पंप पाण्यात बुडून खालून वर ढकलतो, म्हणून त्याला ही मर्यादा नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो मोठी मोटर आणतो आणि पैसे पाण्यात घालतो. कोरडं वाटणारं फिजिक्स हे असं असतं.

तिसरा विषय तुझ्या सीनियर मुलींना सोपा वाटतो. त्यात सूत्रं थोडी आहेत, पण प्रत्येक सूत्रामागे कोणाचं तरी घर आहे. समज, चांगल्या कार्यक्षमतेचा पंप १२,००० रुपयांनी महाग आहे आणि तो वर्षाला ३,००० रुपये वाचवतो, सहा वर्षं. सरळ बेरजेने १८,००० झाले, म्हणजे घ्यावा. पण सहा वर्षांनी येणारे ३,००० आणि आज हातात असलेले ३,००० सारखे नसतात. १० टक्के व्याज धरून त्या सहा हप्त्यांची आजची किंमत काढ, सुमारे १३,०६६ रुपये येईल. पंप घेणं फायद्याचं. १४ टक्के धरलंस तर ११,६६६, म्हणजे तोटा. आणि ज्याला सावकाराकडून महिन्याला शेकडा दोनने, म्हणजे वर्षाला २४ टक्क्यांनी पैसे उचलावे लागतात, त्याच्यासाठी हीच बचत आज ९,०६१ रुपयांची. यंत्र तेच, पाणी तेवढंच, विहीरही तीच. बँकेचं कर्ज मिळणाऱ्याला तो पंप परवडतो, न मिळणाऱ्याला परवडत नाही. इंजिनिअर जर व्याजाचा दर न विचारता पंप सुचवत असेल, तर त्याचा सल्ला अर्धाच आहे.

आणखी एक विचार. शेतीपंपाचं बिल जिथे हॉर्सपॉवरवर ठरतं, तिथे युनिट वाचवून शेतकऱ्याच्या खिशात काही येत नाही, वाचतं ते सरकारचं अनुदान. मग वर्षाचे ते ३,००० रुपये कोणाच्या खात्यात मांडायचे? हा प्रश्न पाठ करून सुटत नाही. आकडेमोड करण्याआधी ‘पैसा कोणाचा आणि फायदा कोणाला’ हे लिहून काढण्याची सवय तुला लावून घ्यावी लागेल.

आता तिन्ही विषय एका ओळीत कसे येतात ते पाहा. विहिरीपासून बगीच्यापर्यंत पाइप टाकायचा आहे. पाणी तेवढंच न्यायचं असेल, तर घर्षणात वाया जाणारी उंची व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. अडीच इंचीऐवजी तीन इंची पाइप टाकला की घर्षण साधारण ४० टक्क्यांवर उतरतं. हे फिजिक्सने सांगितलं. पण पाइप जाड झाला की किंमत चढते. म्हणजे व्यास वाढवत गेलं की एक खर्च वाढतो आणि दुसरा, विजेचा, झपाट्याने घटतो. विजेचा खर्च वर्षानुवर्षं येणारा, म्हणून तो व्याज धरून आजच्या किमतीत आणायचा. हे इकॉनॉमिक्सने सांगितलं. दोन्हींची बेरीज व्यासाचं फलन म्हणून लिही, तिचं डेरिव्हेटिव्ह घे आणि शून्याशी मांड. जो व्यास मिळेल तो सर्वांत किफायतीचा. तुला कंटाळवाणा वाटणारा ‘मॅक्सिमा-मिनिमा’चा धडा तो हाच. दुकानदार त्याच्याकडे जो पाइप पडून आहे तो सांगेल, तू मात्र हिशेब करून सांगशील.

असे विषय एकत्र पाहण्याचं एक मोठं उदाहरणही आहे. नागपूरचं व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते इंजिनिअर विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजात शिकले. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांची आपोआप उघडणारी दारं बसली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ती उघडत आणि उतरलं की मिटत. त्यामुळे धरणाला धोका न होता जलाशयात जास्त पाणी साठवता आलं. दार पाण्याच्याच जोराने हलतं हे भौतिकशास्त्र, आणि भिंतीवर नवा खर्च न करता साठा वाढतो हे अर्थशास्त्र. एकाच माणसाने दोन्ही बाजू एकदम पाहिल्या म्हणून ते घडलं.

आता अभ्यासाबद्दल.

कॅल्क्युलसमध्ये ज्या चुका होतात त्यांतल्या बहुतेक कॅल्क्युलसच्या नसतात. अपूर्णांक, घातांक, त्रिकोणमिती इथे पाय घसरतो. अकरावीचं पुस्तक पुन्हा उघडायला लाजू नकोस. महिनाभर रोज अर्धा तास त्याला दे.

गणित सोडवलेलं पाहणं आणि सोडवणं यांत फार अंतर आहे. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, ती जरूर ऐक. पण उदाहरण फळ्यावर आलं की व्हिडिओ थांबव आणि आधी स्वतः झगड. अडलीस तर नेमकं कोणत्या पायरीवर अडलीस ते लिहून ठेव. सरांना ‘काहीच समजलं नाही’ असं सांगितलं तर ते काय करतील? ‘ही पायरी समजली नाही’ म्हटलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

प्रत्येक ओळीत आकड्याचं एकक लिही. उत्तर काढण्याआधी ते साधारण किती यावं याचा अंदाज बांध. विहीर उपसायला सात हजार युनिट असं उत्तर आलं, तर तुझं तुलाच कळलं पाहिजे की कुठेतरी हजारपटीची चूक आहे.

जुने पेपर शेवटच्या पंधरवड्यात सोडव, पहिल्या दिवसापासून नाही. नाहीतर पेपर सुटतात आणि विषय राहून जातो. आणि एखाद्या विषयात बॅक लागलीच, तर घरी लपवू नकोस. आधी मला सांग, ताईला मी सांगतो.

तुझी आणखी एक अडचण मला ठाऊक आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी, आता पुस्तकं इंग्रजी. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पोरांचं हे जुनंच दुखणं. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. बारावी इथून केली की व्हीएनआयटी शेजारी असूनही राज्याच्या कोट्याची जागा भोपाळच्या एनआयटीतच मिळते. तू जबलपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलीस, तेही चांगलंच झालं, ते कॉलेज १९४७ पासून इंजिनिअर घडवतं आहे. भाषेचं ओझं वाटत असेल तर एक कर. धडा झाला की आधी आजीला समजावतेस तसा मोठ्याने मराठीत सांग, मग इंग्रजीत उत्तर लिही. मराठीत सांगताना जिथे अडखळशील, तिथेच तुला समजलेलं नाही. इंग्रजी सरावाने येईल, समज मात्र आधी हवी.

हे सगळं मी मार्कांसाठी लिहीत नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. रस्ते, पाणी, इमारती यांची कामं इथे वाढतील, आणि ती कोणीतरी हिशेब करून द्यावी लागतील. संत्र्याचं झाड लावल्यावर फळासाठी चार-पाच वर्षं थांबणारा शेतकरी व्याजाचा अर्थ आपल्याहून चांगला जाणतो, फक्त तो सूत्रात मांडत नाही. त्याच्यासमोर बसून, त्याला समजेल अशा भाषेत, खरा आकडा सांगणारी इंजिनिअर आपल्याला हवी आहे. ती तू व्हावंस असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा आता एक काम देतो. आपल्या विहिरीचं खरं माप, मोटरचे हॉर्सपॉवर, पाइपाची लांबी आणि व्यास भावाकडून फोनवर मागवून घे. पाइपाचा भाव मी इथल्या दुकानात विचारून कळवतो. किफायतीचा व्यास काढ आणि कामाचा कागद, खाडाखोडीसह, दिवाळीआधी मला पाठव. उत्तर पटलं तर येत्या उन्हाळ्यात पाइप त्याच मापाचा टाकू.

तुझा
मामा