पांघरूण देवाचे, जाडी माणसाची



गेल्या महिन्यात युवकांच्या अभ्यासवर्गात एका मुलाने विचारले, "फादर, पृथ्वी उबदार ठेवणारे वायू देवानेच हवेत ठेवले आहेत ना? मग तापमान वाढले तर त्यात आपला दोष कसा?" वर्गात हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचे पहिले वाक्य अगदी खरे होते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला पुस्तके उघडावी लागली. त्यातून जे समजले ते आज आपल्यासमोर ठेवत आहोत.

१. मुळात योजना चांगली आहे

थंडीच्या दिवसांत आकाश निरभ्र असेल तर पहाटे चांगलीच हुडहुडी भरते आणि रात्री ढग आले तर थंडी कमी होते. हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग ती शोषून घेतात आणि तिचा काही भाग परत खाली पाठवतात. हेच काम हवेतील काही वायू, ढग असोत वा नसोत, रात्रंदिवस करीत असतात. यालाच हरितगृह परिणाम म्हणतात.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन आहे. हे दोन्ही वायू जमिनीकडून निघणारे उष्णतेचे अदृश्य किरण अडवत नाहीत. अडवतात ते बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोड्या प्रमाणात असलेले वायू. ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. ही तेहतीस अंशांची ऊब म्हणजे आपल्या अंगावरचे पांघरूण होय. ते नसते तर ना भात पिकला असता, ना आपण जन्मलो असतो.

२. हे ज्ञान नवीन नाही

काही जण म्हणतात, हे सारे अलीकडचे खूळ आहे. तसे नाही. फ्रान्समधील जोसेफ फूरिए यांनी १८२४ साली हवा पृथ्वीची उष्णता धरून ठेवते असा विचार मांडला. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णतेचे किरण शोषतात हे उपकरणाने मोजून दाखवले. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांते अर्‍हेनियस यांनी हवेतील हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. त्या वेळी आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात विजेचा दिवाही नव्हता.

३. जाडी कोणी वाढवली?

आता मुख्य प्रश्न. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ या पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा तो आकडा ३१५ च्या आसपास होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या वर गेला. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले असता, गेल्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या आसपासच थांबत आला, त्यापुढे फारसा गेला नाही, असे दिसते.

पण ही वाढ माणसामुळेच, हे कशावरून? इथे दोन साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार म्हणजे कार्बन स्वतः. कोळसा व खनिज तेल हे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जिवांचे अवशेष आहेत. इतक्या काळात त्यांच्यातील किरणोत्सारी कार्बन संपून गेलेला असतो. हवेतील कार्बनमध्ये त्या जुन्या, 'विझलेल्या' कार्बनचा वाटा वाढत चालल्याचे मोजता येते. ज्वालामुखींकडे बोट दाखवावे, तर त्यांतून येणारा वायू माणसाने सोडलेल्या वायूच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे.

दुसरा साक्षीदार वरची हवा. सूर्यच अधिक तापला असता तर वातावरणाचे खालचे व वरचे, दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा गार होतो आहे. पांघरूण जाड झाल्यावर असेच होणार.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला एक धडा मिळाला होता. पूर्वी एखादी गोष्ट एका कारणाने घडत होती, म्हणून आजही ती त्याच कारणाने घडते असे सिद्ध होत नाही. पूर्वी दुष्काळात विहीर आटत असे. यंदा टँकरसाठी रात्रंदिवस पंप लावून कोणी ती उपसून टाकली, तर तिलाही आपण दुष्काळच म्हणणार काय? पृथ्वीचे हवामान पूर्वीही बदलले, हे खरे. आजच्या बदलामागे कोण आहे, हा प्रश्न वेगळा आहे.

एक गल्लत टाळावी. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र हे तापमानवाढीचे मुख्य कारण नव्हे. ओझोन सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तो विषय वेगळा आहे.

४. हिशेब घरापासून

स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो संपतो तेव्हा बेचाळीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. चौदाचे बेचाळीस कसे? जळताना कार्बन हवेतील ऑक्सिजनला धरतो, म्हणून वजन वाढते. आपण सोडलेल्या वायूपैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग समुद्र व झाडे शोषून घेतात. उरलेला हवेत साचतो आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षे राहतो. म्हणून नळ थोडा बारीक केला तरी बादली भरतच राहते. मिथेन भातखाचरांतून, गुरांच्या पोटातून आणि कचऱ्याच्या डोंगरातून येतो. तो दहा-बारा वर्षांत विरतो, पण तोवर फार जोराने तापवतो.

मात्र सिलिंडर लावणाऱ्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, अमेरिकेत साधारण चौदा टन. आपल्याकडेही पंखा आणि दोन दिवे असलेले घर आणि प्रत्येक खोलीत एसी असलेले घर यांचा हिशेब एक नाही. पुराचे पाणी मात्र आधी पहिल्याच घरात शिरते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील 'लाउदातो सी' या परिपत्रकात सृष्टीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा असे सांगितले, ते याचसाठी.

त्या मुलाला आम्ही पुढच्या रविवारी उत्तर दिले. पांघरूण असणे हा कोणाचाच दोष नाही, ती देणगी आहे. ते जाड होते आहे हे ठाऊक नव्हते तोवरचा दोषही आपण सौम्य मानू. पण आता ठाऊक आहे. ठाऊक झाल्यानंतर जे करतो आणि जे करायचे टाळतो, त्याची जबाबदारी आपली. तो म्हणाला, "मग फादर, सणाची रोषणाई?" या वेळी वर्गात कोणी हसले नाही, आणि आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते. तो प्रश्न आम्ही सर्वांपुढे ठेवतो.

चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या घरात वीज, पेट्रोल व गॅस यांपैकी कशाचा वापर गरजेपेक्षा जास्त होतो?

२. ओला कचरा गाडीत टाकण्याऐवजी वाडीतच खत करणे आपल्या आळीत कोणाकोणाला जमेल?

३. चर्चच्या सणाला किती रात्री व किती दिवे लावावेत? आपले मत पुढील रविवारपर्यंत लिहून द्यावे.