आपला ‘फुल इन्शुरन्स’ अमेरिकेत का पुरत नाही?

प्रश्न : वडपे येथे आमचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. गाड्यांचा विमा, सर्व्हेअर, क्लेम हे सगळं रोजचंच. मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला असतो. यंदा आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत आणि गाडी भाड्याने घेऊन फिरायचा विचार आहे. ऑनलाइन पाहिलं तर जवळजवळ भाड्याइतकाच खर्च विम्याचा दिसतो, आणि त्यातही चार-पाच प्रकार! आपल्याकडे ‘फुल इन्शुरन्स’ म्हटलं की विषय संपतो. तिकडे तो असा तुकड्या-तुकड्यांत का विकतात? त्यातला घ्यायचा कोणता?
– एक वाचक, वडपे (ता. भिवंडी)

उत्तर : धंदाच गाड्यांचा आहे, तेव्हा उदाहरण वडपे फाट्यावरचंच घेऊ. समजा, तुमच्या ट्रकने तिथे एका मोटारसायकलवाल्याला धडक दिली. प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं. माणूस दगावला किंवा जायबंदी झाला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई थर्ड पार्टी विम्यातून दिली जाते. ती रक्कम वीस लाख असो वा दोन कोटी, मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी आपल्या पॉलिसीत वरची मर्यादा नसते. मर्यादा असते ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाखांची. समोरच्या माणसाची सोय अशी परस्पर लागलेली असल्यामुळे आपल्याकडे विम्याची सगळी चर्चा स्वतःच्या गाडीभोवती फिरते. बंपर, काच, झिरो डेप, डिडक्टिबल. परदेशातल्या काउंटरवरही आपण याच चिंता घेऊन उभे राहतो, आणि तिथला सेल्समनही नेमकी हीच भीती विकतो : गाडीला ओरखडा आला तर?

अमेरिकेत खरी भीती ओरखड्याची नाहीच.

आपला मोटार कायदा ब्रिटिश घडणीचा आहे. ब्रिटनने १९३० साली थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९च्या कायद्यात ती तरतूद आली आणि १ जुलै १९४६पासून अमलात आली. ब्रिटनमध्ये आजही शारीरिक इजेच्या भरपाईला विम्याची मर्यादा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ सालीच, म्हणजे ब्रिटनच्याही आधी, विमा सक्तीचा केला होता. पण पुढे तिथे प्रत्येक राज्याने आपापली किमान रक्कम ठरवली आणि ती फारच तुटपुंजी राहिली. न्यू हॅम्पशायरमध्ये तर सर्वसाधारण चालकाला विम्याची सक्तीच नाही. तुम्ही जाणार त्या कॅलिफोर्नियात १९६७पासून तब्बल २०२४ अखेरपर्यंत एका जखमी माणसामागे १५,००० डॉलर एवढाच विमा पुरेसा मानला जात होता. १ जानेवारी २०२५पासून तो ३०,००० झाला. एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,०००. तीस हजार डॉलर म्हणजे पंचवीस लाखांच्या वरच रुपये. आपल्याला आकडा भरघोस वाटतो, पण तिथल्या इस्पितळात एका मोठ्या शस्त्रक्रियेत तो संपतो. त्यावरची भरपाई मग चालकाकडून मागितली जाते.

‘गाडी कंपनीची आहे, मग कंपनीला धरतील ना,’ असं तुम्ही म्हणाल. पूर्वी काही राज्यांत तसं धरता येत असे. २००५ साली केंद्रीय कायद्यात ‘ग्रेव्हज दुरुस्ती’ आली आणि कंपनीची स्वतःची चूक नसेल, तर केवळ मालक म्हणून तिला जबाबदार धरणं बंद झालं. उरतो तो चालक. तुकड्या-तुकड्यांत विकण्याचं मूळ इथे आहे : गाडीचं नुकसान, समोरच्याची भरपाई, तुमच्या स्वतःच्या जखमा, तुमचं सामान, प्रत्येक गोष्टीचा भार वेगळ्या खिशावर, म्हणून प्रत्येकाचा दर वेगळा.

आता निवड. काउंटरवर सगळ्यात आधी पुढे येतं ते ‘सीडीडब्ल्यू’ किंवा ‘एलडीडब्ल्यू’. हा खरं तर विमाच नव्हे. गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली, तर आम्ही तुमच्याकडे पैसे मागणार नाही, एवढं कंपनीने दिलेलं वचन. तुमच्यासारख्या, तिथे स्वतःची पॉलिसी नसलेल्या माणसाने ते घ्यावं. पण समोरच्या माणसाबद्दल त्यात चकार शब्द नसतो. त्यासाठी असतो तो ‘एसएलआय’ हा पूरक दायित्व विमा. तो अनेकदा दहा लाख डॉलरपर्यंतचा असतो, काही ठिकाणी कमी. मर्यादा विचारून घ्या. दोनपैकी एकच परवडत असेल, तर मी बिनदिक्कत हा घ्या म्हणेन. गाडी मोडली तर नुकसान गाडीच्या किमतीएवढं. माणसाला लागलं तर त्याला तळ नाही. अपघात विमा आणि सामानाचा विमा सोडून दिलात तरी चालेल. प्रवास विम्यात तुमचे औषधोपचार बहुधा आलेले असतात. मात्र त्याच प्रवास विम्यातल्या ‘पर्सनल लायबिलिटी’ या शब्दांवर विसंबू नका. वाहन चालवताना झालेलं नुकसान त्यातून सहसा वगळलेलं असतं. इथल्या तुमच्या कारची पॉलिसी तर देशाबाहेर निरुपयोगीच. जादा हप्ता भरून तिची हद्द नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येते, पण तीही त्याच गाडीसाठी. भाड्याच्या गाडीला ती लागू होत नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर वाट मुलाच्या घरातून जाते. त्याची तिथे स्वतःची गाडी असेल, तर त्याची पॉलिसी साधारणपणे त्याने भाड्याने घेतलेल्या गाडीलाही लागू होते, दायित्व आणि गाडीचं नुकसान दोन्ही, पण त्याने स्वतःच्या गाडीसाठी जेवढं घेतलंय तेवढंच. म्हणून गाडी त्याच्या नावावर घ्या आणि तुम्ही चालवणार असाल तर तुमचं नाव करारात जादा चालक म्हणून घालायला लावा. तुम्ही गाडी चालवताना त्याची पॉलिसी धावून येईल का, हे त्याच्या एजंटकडून आधीच लेखी घ्या. ‘माझ्या क्रेडिट कार्डावर गाडीचा विमा फुकट आहे’ असंही मुलगा सांगेल. असेल, पण तो गाडीपुरता. समोरच्या माणसाला त्यातून छदाम मिळत नाही. भारतातून बुकिंग करताना कधी कधी सीडीडब्ल्यू आणि दायित्व विमा भाड्यातच धरलेले असतात. तसं असेल तर काउंटरवर तेच पुन्हा विकत घेऊ नका. बुकिंगच्या पावतीची छापील प्रत हातात ठेवा.

युरोपात चित्र उलटं. तिथे समोरच्याचा विमा कायद्यानेच भाड्यात असतो. सीडीडब्ल्यूही बहुधा असतं, पण पहिले हजार-दीड हजार युरो, कधी त्याहून जास्त, तुमच्या खिशातून. आपल्याकडे लहान कारला सक्तीचं डिडक्टिबल हजार रुपये असतं, त्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा! शिवाय टायर, काच, टप आणि गाडीचं पोट हे सगळं त्यातून अनेकदा वगळलेलं असतं. आइसलँडमध्ये वाळू-राखेच्या वादळाचा विमा वेगळा विकतात आणि नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर सहसा कुठलाच विमा कामाला येत नाही. न्यूझीलंडमध्ये १९७४पासून अपघातातल्या जखमींचा खर्च सरकारी योजना करते, चूक कुणाचीही असो. साहजिकच तिथे गाडीचा विमा सक्तीचा नाही. दुबईत पोलिसांचा कागद नसेल, तर साध्या खरचटलेल्या दरवाजाचाही क्लेम अडतो.

विमा घेऊनही तो हातातून निसटतो तो अटींमुळे. करारात नाव नसलेला माणूस चालवत होता, दारू प्यायलेला होता, मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर गाडी घातली : यांपैकी काहीही घडलं की सीडीडब्ल्यूचं वचन संपतं. हे आपल्याला अनोळखी नाही. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी सोडून ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘स्वस्तात’ घेणारे पुष्कळ. खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने देणं बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी अटीचा भंग दाखवून हात वर करू शकते. न्यायालयाने जखमीला पैसे द्यायला लावले, तरी ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळते.

कॅलिफोर्नियात पाहुण्याला आपल्या देशाच्या वैध परवान्यावर गाडी चालवता येते. तरीही काही कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. तो निघण्यापूर्वी इथल्या आरटीओतूनच काढावा लागतो, तिकडे मिळत नाही. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची, आणि मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढीच. दोन्ही परवाने सोबत ठेवा, आणि गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांचा आणि टपाचा व्हिडिओ तिथल्या माणसासमोरच काढा.