विषाणूची नक्कल व तिच्यांतील चुका

छापखाने निघण्यापूर्वीं ग्रंथ हातानें उतरून घेण्याची वहिवाट होती. लिहिणारा कितीही सावध असला तरी कोठें एखादा काना गळे, तर कोठें एक अक्षर जाऊन त्याच्या जागीं दुसरें येई. पुढें त्या पोथीवरून जो नक्कल करी तो तिच्यांतील चूक इमानानें उतरून घेई व वर स्वतःची एखादी भर घाली. ज्ञानेश्वरींत असे अपपाठ शिरले म्हणून एकनाथमहाराजांनीं शके १५०६ (इ. स. १५८४) मध्यें तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नव्या कराराच्या हजारों हस्तलिखितांचे अभ्यासकही प्रती ताडून पाहूनच मूळ पाठ ठरवितात. त्यांचा नियम साधा आहे. एक चूक दोघांच्या हातून योगायोगानें होईल. पण त्याच त्या चार चुका दोन प्रतींत आढळल्या, तर त्या प्रतींचें मूळ एक असलें पाहिजे.

सन २०२० मध्यें कोरोनाची साथ जगभर पसरली, तेव्हां शास्त्रज्ञांनीं हीच युक्ति विषाणूवर चालविली. ती कशी, तिचा उपयोग काय झाला, आणि ती कोठें अपुरी पडली, हें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही समजून घेण्यासारखें आहे.

विषाणूला स्वतः वाढतां येत नाहीं. तो दुसऱ्या जिवाच्या पेशींत शिरतो व तिच्याकडून आपल्या नकला करवून घेतो. नक्कल कशाची करावयाची, तें सांगणारी एक लांब साखळी त्याच्या पोटांत असते. कोरोनाच्या विषाणूंत ही साखळी आर. एन. ए. नांवाच्या द्रव्याची असून ती ए, यू, जी व सी या चारच अक्षरांत लिहिलेली असते. तिचा संपूर्ण मजकूर म्हणजे त्या विषाणूचा जीनोम. शांघाय येथील झांग योंगझेन यांच्या मंडळीनें वाचलेला हा मजकूर सिडनी येथील एडवर्ड होम्स यांच्या हस्तें ११ जानेवारी २०२० रोजीं सर्व जगाला खुला झाला. त्याच्या शुद्ध केलेल्या प्रतींत २९,९०३ अक्षरें आहेत. पुढें हीच मूळ प्रत मानून बाकीच्या प्रती तिच्याशीं ताडून पाहण्यांत आल्या.

पेशींत नक्कल होतांना मधूनमधून अक्षर चुकतें. या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. कोरोनाच्या विषाणूजवळ नक्कल तपासून दुरुस्त करणारी एक योजना आहे; त्यामुळें त्याच्या चुका इन्फ्लुएंझाच्या विषाणूपेक्षां कमी होतात. तरीही एका घराण्यांत महिन्याला सुमारें दोन अक्षरांचा बदल टिकून राहतो, असें साथीच्या पहिल्या वर्षांत दिसून आलें.

आतां वर्गांतील एक उदाहरण घेऊं. गुरुजींनीं फळ्यावर ‘वाटेवर वड दिसला’ असें लिहिलें, आणि मागच्या बांकांवरील मुलांनीं फळा न पाहतां एकमेकांच्या वह्यांवरून तें उतरून घेतलें. पहिल्या वहींत ‘वाटेवर गड दिसला’ असें निघालें. दुसरींत ‘लाटेवर गड दिसला’. आणि तिसरींत ‘वाटेवर वड हसला’. आतां कोणी कोणाची वही पाहिली? दुसऱ्या वहींत पहिलीची चूक तशीच असून वर एक नवी आहे. अर्थात् ती पहिलीवरून उतरली. तिसरींत ‘वड’ शाबूत आहे. तेव्हां ती निराळी शाखा होय. मुलांना एक शब्दही न विचारतां नुसत्या वह्यांवरून वंशवृक्ष काढतां आला. विषाणूच्या बाबतींतही असेंच घडतें. एका गांवांतील दहा रोग्यांचे नमुने वाचले म्हणजे साथ एकाच माणसापासून पसरली कीं निरनिराळ्या वाटांनीं आली, हें पुष्कळ अंशीं कळतें.

नमुना वाचण्याची रीत अशी. रोग्याच्या नाकांतून किंवा घशांतून कापसाच्या काडीनें घेतलेल्या द्रवांतून आर. एन. ए. वेगळा काढतात. त्याची डी. एन. ए. मध्यें नक्कल करून ती अनेक पट वाढवितात. ही नक्कल अखंड नसून बहुधा सुमारें चारशें अक्षरांच्या तुकड्यांची असते, व प्रत्येक तुकड्याचें टोंक शेजारच्या तुकड्यावर थोडें चढलेलें असतें. यंत्र तुकडे वाचतें, आणि संगणक त्यांचीं टोंकें जुळवून फाटलेल्या पत्राप्रमाणें सबंध मजकूर उभा करतो.

सर्व चुका सारख्या महत्त्वाच्या नसतात. ‘दिसला’ बद्दल ‘दीसला’ लिहिल्यास शुद्धलेखन बिघडेल, अर्थ बिघडणार नाहीं. विषाणूचे पुष्कळ बदल असे निरुपद्रवी असतात. कांहीं चुकांनीं सारा मजकूरच निरर्थक होतो, व तो विषाणु वाढूं शकत नाहीं. परंतु क्वचित् एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते. विषाणूच्या अंगावरील कांट्यांच्या योगें तो पेशीला चिकटतो. मजकुरांतील २३,४०३ व्या जागीं ‘ए’ जाऊन ‘जी’ आला, आणि तेवढ्यानें कांट्याच्या प्रथिनांतील ६१४ वा घटक बदलला. २०२० च्या मध्यापर्यंत जगांतील बहुतेक नमुन्यांत हाच बदल आढळूं लागला.

मात्र केवळ अक्षरांवरून रोग किती तीव्र होईल, हें ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं रोगी किती वाढले, किती रुग्णालयांत गेले, लस घेतलेल्यांना रोग झाला काय, ही माहिती त्या अक्षरांच्या शेजारीं ठेवावी लागते. पोथी वाचणाऱ्याला गांवाची खबरही हवी.

आपल्या प्रांतांत या गोष्टीचा कटु अनुभव आला. डिसेंबर २०२० मध्यें भारत सरकारनें दहा प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ नांवाचा संघ स्थापन केला. पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था त्यांपैकीं एक. २४ मार्च २०२१ रोजीं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें जाहीर केलें कीं, कांट्याच्या ४५२ व ४८४ या जागीं बदल झालेले विषाणु महाराष्ट्राच्या नमुन्यांत डिसेंबरच्या मानानें वाढले असून त्यांचें प्रमाण सुमारें १५ ते २० टक्के आहे. याच घराण्याच्या एका शाखेला ३१ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें ‘डेल्टा’ हें नांव दिलें. पण मधल्या दोन महिन्यांत काय घडलें, तें पालकांना सांगावयास नको. प्राणवायूच्या नळकांड्यासाठीं रात्रभर फिरलेले हात अजून तें विसरले नाहींत. अक्षरें वाचलीं गेलीं होतीं. परंतु लाखों रोग्यांच्या मानानें वाचलेले नमुने थोडे होते, आणि साथीचा वेग वाचनाच्या वेगाहून अधिक होता.

विषाणूच्या शाखांना ग्रीक अक्षरांचीं नांवें देण्यांत एक सद्हेतु होता. ज्या देशांत नवी शाखा प्रथम ओळखली जाईल, त्या देशाला तिच्यावरून कलंक लागूं नये. पण नुसत्या नांवानें मनें बदलत नाहींत. नोव्हेंबर २०२१ मध्यें बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिका येथील शास्त्रज्ञांना कांट्यांत तीसहून अधिक बदल असलेला विषाणु आढळला. दक्षिण आफ्रिकेनें २४ तारखेस ती वार्ता जागतिक आरोग्य संघटनेला कळविली, आणि २६ तारखेस त्याला ‘ओमिक्रॉन’ हें नांव मिळालें. त्या जलद वार्तेबद्दल आभार मानण्याऐवजीं अनेक देशांनीं दक्षिण आफ्रिकेच्या प्रवाशांना आपलीं दारें लावलीं. पुढें नेदरलंड्समध्यें जुने नमुने तपासले, तेव्हां १९ व २३ नोव्हेंबरच्या नमुन्यांत तोच विषाणु सांपडला. म्हणजे वार्ता पोहोंचण्यापूर्वींच तो तेथें होता. ज्यानें पाहिलें व सांगितलें, त्याच्यावरच ठपका आला.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथांतील पहारेकरी आपण पवित्र शास्त्राच्या तासाला पाहिला आहे. संकट दिसतांच कर्णा वाजविणें हें त्याचें कर्तव्य, आणि तो ऐकणें हें नगराचें. कर्णा वाजविणाऱ्यालाच वेशीबाहेर काढलें, तर पुढच्या वेळीं कोण वाजवील?

हा प्रश्न मोठ्या राष्ट्रांपुरता नाहीं. साथीच्या दिवसांत शेजारी वाळींत टाकतील या भीतीनें कित्येक घरांनीं ताप लपविला, व तपासणी टाळली. जो नमुना दिलाच गेला नाहीं, तो कोणतेंही यंत्र वाचूं शकत नाहीं. यासाठीं विद्यार्थ्यांनो, पुन्हां कधीं साथ आली, तर आपल्या घरचा आजार निर्भयपणें सांगा; आणि शेजारच्या घरानें सांगितला, तर त्याच्या दारावर बोट न रोखतां उंबऱ्यावर जेवणाचा डबा नेऊन ठेवा.