जुन्या पेट्रोल जीपचा करंट नेमका अडतो कुठे?



मागील अंकात ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरविषयी आम्ही लिहिले होते. ते वाचून गट ऑफिसला भेटलेल्या काही सभासदांनी आग्रह धरला, की आमच्या जुन्या जीपचेही काही लिहा. विलीजच्या सी. जे. ३ बी नमुन्यावर महिंद्रने काढलेल्या पेट्रोल जीपा आता थोड्याच उरल्या आहेत. पुष्कळांनी इंजिन काढून डिझेलचे बसवले. त्यांना हा लेख लागू नाही, कारण डिझेलला प्लगची ठिणगी लागतच नाही. पण ज्यांच्या शेडमध्ये मूळचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन अजून आहे, त्यांना इग्निशनच्या वायरिंगने एकदा तरी रडवलेले आहे.

आम्हालाही रडवले आहे. आमच्या वाहन विभागाची एक जुनी जीप ऐन गळीत हंगामात रात्री फडाच्या बांधावर बंद पडली. हँडल मारले की चालू होई, सेल्फवर मात्र काही केल्या होईना, आणि चाकोरीत आदळली की गचके खाऊन मरे. आम्ही शहाणपणा करून आधी कॉइल बदलली. मग कंडेन्सर. मग पॉइंट. दोन दिवस गेले, पैसे गेले, गाडी तशीच. शेवटी सेल्फ मारत असताना एकाचा हात चोकच्या तारेवर पडला आणि तो ओरडला, कारण तार चटका बसेल इतकी तापली होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. त्याच्यापासून चॅसीपर्यंत करंट परत जायला विणलेली पट्टी लागते. ती पट्टी मडगार्डच्या आड तुटून लोंबत होती, आणि सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या तारेतून परत जात होता. पट्टी नवी घातली, बोल्टखालचा रंग खरवडला, गाडी चालू. जुनी कॉइल चांगलीच होती, ती अजून आमच्या कपाटात आहे.

सांगायचे ते इतकेच, की पार्ट बदलण्याआधी करंटच्या वाटेने चालत जावे. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्याला पोचले नाही तर आपण लगेच विहिरीवरची मोटर बदलत नाही, पाटाच्या कडेने चालत जाऊन कुठे फुटले ते बघतो. इथेही तसेच आहे.

वाट अशी आहे. बॅटरीतून करंट निघतो, सेल्फच्या जाड टोकावरून डॅशबोर्डवरील अँमीटरला जातो, तिथून चावीच्या स्विचला, स्विचमधून कॉइलच्या एका टोकाला. कॉइलच्या दुसऱ्या टोकातून डेल्कोच्या बाजूच्या स्क्रूला आणि आतल्या सी. बी. पॉइंटला. पॉइंट मिटलेले असले की करंट इंजिनच्या लोखंडात उतरतो आणि अर्थच्या पट्टीने बॅटरीला परत येतो. पॉइंट उघडले की हा करंट एकदम तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलच्या मधल्या जाड वायरीत हजारो व्होल्टचा दाब उठतो. तोच डेल्कोच्या झाकणातून रोटरवर, रोटरवरून ज्याच्या त्याच्या प्लगला जातो. म्हणजे वाटा दोन झाल्या, एक बारा व्होल्टची आणि एक हाय टेन्शनची. आमच्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा पहिल्या वाटेवर असतो आणि लोक दुसरी वाट उसवत बसतात.

पहिली तपासणी फुकट आहे, ती म्हणजे अँमीटरकडे बघणे. गिअर न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा. कॉइलची मधली जाड वायर डेल्कोच्या झाकणातून उपसून तिचे टोक इंजिनच्या लोखंडाला पक्के टेकवा, म्हणजे इंजिन अवचित पेटून हँडल उलटे फिरणार नाही. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, विळखा घालू नये. उलट्या हँडलने मनगट मोडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. आता दिवे बंद ठेवून चावी लावा आणि कुणाला तरी सावकाश हँडल फिरवू द्या. काटा शून्य ते वजा तीन-चार अँपिअर असा खाली-वर हलला पाहिजे. पॉइंट मिटले की वजा, उघडले की शून्य. काटा शून्यावरच बसून राहिला तर वाट कुठेतरी तुटली आहे, नाहीतर पॉइंट जळून काळे झाले आहेत. वजाकडे झुकून तिथेच राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कॉइलच्या पुढे वायर लोखंडाला लागली आहे. आणि काटा एकदम टोकाला आपटला तर चावी ताबडतोब बंद करून बॅटरीची क्लॅम्प उपसा. कॉइलच्या अलीकडे थेट शॉर्ट आहे.

अँमीटर मेलेला असेल (जुन्या जीपला तो बहुधा मेलेलाच असतो) तर टेस्ट लॅम्प करा. टेललॅम्पचा लहान बल्ब, होल्डर आणि दोन वायरी एवढेच लागते. गाडी सहा व्होल्टची असेल तर बल्बही सहाचा घ्या. एक वायर इंजिनच्या खरवडून चकचकीत केलेल्या लोखंडाला बांधा आणि दुसऱ्या वायरीचे टोक एकेका ठिकाणी लावत चला. चावी लावल्यावर कॉइलच्या स्विचकडील टोकावर दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर मागे या. स्विचच्या बाहेरच्या टोकावर, मग आतल्या टोकावर, मग अँमीटरच्या दोन्ही टोकांवर. जिथे दिवा लागतो आणि जिथे लागत नाही, त्या दोन ठिकाणांच्या मध्ये चोर आहे.

स्विचकडून करंट येत असेल तर दिवा कॉइलच्या डेल्कोकडील टोकाला लावून हँडल फिरवायला सांगा. दिवा लागला-विझला, लागला-विझला असे झाले की पहिली वाट जवळपास साफ आहे. सतत लागलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, मळले आहेत किंवा डेल्कोतली छोटी वायर तुटली आहे. अजिबात लागला नाही तर डेल्कोकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडून पुन्हा पाहा. आता लागला तर कॉइल निर्दोष आहे, शॉर्ट डेल्कोत आहे. कंडेन्सर बसला असेल किंवा बाजूच्या स्क्रूखालचा फायबरचा वायसर फुटला असेल. हा वायसर दिसायला क्षुल्लक, पण पॉइंट बदलताना तो खाली पडतो आणि उचलायचा राहतो. वायर सोडूनही दिवा लागला नाही, तर मात्र कॉइलच गेली असे समजा.

इथे एक फसगत होते, ती सांगितली पाहिजे. लहान बल्बला करंट फार थोडा लागतो. बहुतारी वायरीतल्या सगळ्या तारा तुटून दोनच उरल्या, तरी लहान बल्ब झकास लागतो आणि तुम्हाला वाटते वायर ठीक आहे. कॉइलला मात्र तीन-चार अँपिअर हवेत. म्हणून बॅटरीपासून कॉइलच्या पहिल्या टोकापर्यंतची तपासणी हेडलाइटच्या बल्बने करावी, तो साधारण तेवढाच करंट ओढतो. बॅटरीवर लख्ख आणि कॉइलवर पिवळट दिसला तर वाटेत सांधा कुजला आहे. हात लावून बघा, कुजका सांधा कोमट लागतो. कॉइलच्या पलीकडच्या टोकाला मात्र लहान बल्बच वापरा.

पॉइंट बारीक फाइलने किंवा पॉलिश पेपरने साफ करून गाळा कापडाने पुसावा. फट किती ठेवायची याबद्दल आमच्याकडे वाद होतात, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात. मूळचा ऑटोलाइटचा डेल्को असेल तर ०.०२० इंच, आणि मागाहून लुकासचा बसवला असेल तर ०.०१४ ते ०.०१६ इंच. आधी डेल्को कोणता ते वाचा. प्लगची फट ०.०३० इंच. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२, एक नंबर रेडिएटरकडचा. मूळ डेल्कोत रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. डेल्को बदललेला असेल तर झाकण काढून, हँडल मारून डोळ्यांनी खात्री करावी.

दुसरी वाट थोडक्यात. मधली जाड वायर कोरड्या लाकडी चिमट्यात धरून तिचे टोक ब्लॉकपासून पाव इंचावर ठेवा आणि इंजिन फिरवा. निळी, टणक, चट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी-तांबडी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर किंवा अपुरा करंट. ठिणगी चांगली असून प्लगला पोचत नसेल तर झाकणाच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ शोधा. तडा गेला की तिथून करंट पळतो. दहिवराच्या पहाटे गाडी चालू होत नाही आणि ऊन पडले की होते, त्याचे कारण बहुधा हे झाकणच. कोरड्या फडक्याने पुसून बघा.

सेल्फ सोडल्याक्षणीच इंजिन एक उचकी देते, ही तक्रारही वारंवार येते. बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या क्लॅम्पवर पांढरा क्षार धरला आहे. सेल्फच सगळा करंट गिळतो, कॉइलला काही उरत नाही. आणि गाडी तापल्यावर मरते, अर्ध्या तासाने निवल्यावर पुन्हा चालते, तेव्हा मात्र कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या जुन्या जीपांत बहुतेकदा इग्निशनच्या वायरीला फ्यूज नसतो. वायर चॅसीला घासून उघडी पडली तर फ्यूज उडणार नाही, वायरच लाल होईल. अशी गाडी कोरड्या पाचटात उभी असली तर काय होईल ते सांगायला नको. जळित उसाला कपात बसते ती आपली, आणि शेजाऱ्याचा फड पेटला तर वैर जन्माचे. म्हणून ठिणगीची तपासणी फडात करू नका, गाडी ढकलून मोकळ्या जागेत आणा. पेट्रोल पंपाचा आणि कार्बोरेटरचा सांधा आधी हाताने चाचपा, ओला लागला तर ठिणगीचे नावच काढू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसाचे त्यातले काही असेल, पण जुन्या काळचे रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. पाइप जुना असेल तर बदलूनच टाका.

वायर बदलताना मोटारीचीच बहुतारी वायर घ्या. घरातल्या फिटिंगची एकतारी वायर हादऱ्याने मोडते. पिळा मारून टेप गुंडाळलेला सांधा एका पावसाळ्यात हिरवा पडतो, तेव्हा थिंबल लावून डाख द्यावा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी गुळणी बसवावी. बॅटरीपासून कॉइलला थेट वायर जोडून गाडी घरी आणण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. तपासणीपुरती ती ठीक, पण मग चावीने इंजिन बंद होत नाही. आणि इंजिन थांबवून वायर तशीच राहिली तर पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत राहते, रात्रीत बॅटरीही संपते. घरी पोचताच ती काढावी.

हंगाम संपून जीप शेडमध्ये उभी करताना बॅटरीची अर्थकडील क्लॅम्प काढून ठेवा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली घर करतात आणि वायरींचे कव्हर कुरतडतात. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करण्याआधी बॉनेट उघडून सगळ्या वायरींवरून एकदा हात फिरवावा, आणि मगच क्लॅम्प लावावी.