माडीवरची शेगडी आणि खालची फळी

निफाडच्या थंडीबद्दल व्यापारी बांधवांना सांगायला नको. 2018 च्या डिसेंबरात येथे पारा 2 अंशांच्याही खाली उतरला होता. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या जुन्या घरांत अशा दिवसांत लाकडी माडीवर कोळशाची शेगडी पेटते. तिच्याखाली पत्र्याचा तुकडा टाकला की झाले, असे पुष्कळजण समजतात. हा समज धोक्याचा आहे.

पत्रा ठिणगी अडवतो, धग अडवत नाही. तो स्वतः तापतो आणि फळीलाही तापवतो. कोरडे लाकूड साधारण 250 ते 300 अंशांना पेट घेते. पण रोज तासन्‌तास तापणारी फळी त्याहून बऱ्याच कमी उष्णतेत आतून काळी पडत जाते, आणि अशी फळी लवकर पेटते. म्हणून ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ या बोलण्यात अर्थ नाही. फळीखाली दुकानातला माल असतो, हेही ध्यानात घ्यावे.

जुने मिस्त्री फळ्यांवर मातीचा जाड थर देत. ती माती फळीचे कवचच होती. आपण ती ओझे म्हणून उतरवली आणि वर प्लॅस्टिकचा गालिचा अंथरला!

उपाय स्वस्त आहे. विटांचा पहिला थर दोन-दोन बोटे फट सोडून, वारा आरपार खेळेल असा मांडावा. त्यावर दुसरा थर सांधे मिळवून द्यावा. वर पायांची शेगडी ठेवावी. दोन फुटी चौकोनाला तिसेक विटा, म्हणजे 90 किलोंच्या आसपास वजन होते. तेव्हा ओटा तुळयांवर येईल असा रचावा. भोवती हातभर पत्रा अंथरावा. तिथे फक्त ठिणगी अडवायची असते, म्हणून तो चालतो. अमेरिकेतील नियमांतही शेकोटीच्या तोंडापुढे किमान 16 इंच न जळणारी जमीन सांगितली आहे. अॅस्बेस्टॉसचा जुना पत्रा मात्र कापून वापरू नये, त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

दोन तास शेगडी पेटल्यावर खालून फळीला तळहात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर आणखी एक थर वाढवावा.

खिडकी थोडी उघडी हवीच, कारण कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो. झोपताना घरात विस्तव जळता ठेवू नये, ही ताकीद हदीसमध्येही आहे. शेगडी रात्री खाली अंगणात न्यावी. राखेत निखारा कित्येक तास जिवंत राहतो, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरावी आणि तो डबाही माडीवर ठेवू नये.